आज्यानं ठेवलेली भोकं

कल्पेशचं लग्न अडलं होतं ते पत्रिकेत नव्हे, उल्हास नदीत. त्याला रिद्धी पसंत, रिद्धीला तो पसंत. पण तिचे बाबा महेंद्रकाका अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहणारे. "नदीकाठच्या मांजर्लीत पोरगी देऊ? आणि दर पावसाळ्यात होडी पाठवू?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. शेवटी रिद्धीनं रुसून, भांडून त्यांना निदान घर बघायला तरी राजी केलं. रविवारी सकाळी यायचं ठरलं.

घर कल्पेशच्या आज्यानं बांधलेलं, कौलारू, कंबरभर उंच जोत्यावरचं. कल्पेशला त्याची लाजच वाटायची. फरशी मागच्या भिंतीकडं कललेली. गोटी ठेवली की गडगडत तिकडं जायची. उंबरा असा उंच, की पाहुणा अडखळल्याशिवाय आत येत नसे. आणि मागच्या भिंतीत, फरशीलगत, मूठ जाईल एवढी तीन भोकं! पूर आला की सगळे मामाकडं जायचे आणि परत येईपर्यंत घरातलं पाणी निघून गेलेलं असायचं. पाणी गेलं कुठून, हे त्या पठ्ठ्यानं कधी विचारलं नाही.

शनिवारी त्यानं सिमेंट कालवलं. त्याची आई सखू धावत आली.

"नको रं पोरा! तुजे आज्यानी ठेवलीन ती. पाणी भायेर जाया."

"आई, बाहेर जायला दार असतं! महेंद्रकाकांनी ही भोकं बघितली ना, तर गेम खल्लास."

भोकं बुजली. वर 'चोवीस तास पाणी' दाखवायला माळ्यावर नवी टाकीही बसली. रविवारी मोटर चालू करून कल्पेश पाहुण्यांना आणायला नाक्यावर गेला. सखू शेजारी चांगले कप मागायला गेली, ती तिथंच गप्पांत अडकली. टाकी भरली. मग घर भरू लागलं.

महेंद्रकाका रीतीप्रमाणे उंबऱ्याला अडखळले आणि चपलांसकट घोटाभर पाण्यात छपकन उतरले.

"अहो, बाहेर लख्ख ऊन पडलंय! पावसाशिवाय पूर येणारं घर आज पहिल्यांदा बघतोय मी. रिद्धी, चल घरी!"

कल्पेशनं मोटर बंद केली, झाडू घेतला आणि पाणी दाराकडं लोटू लागला. उंबरा ते इमानदारीत परत पाठवत होता. रिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच काय ते कमी होतं.

इतक्यात सखू आली. कप फळीवर ठेवले, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

"सरक!"

कालचं सिमेंट अजून कच्चंच होतं. तीन दणक्यांत तिन्ही भोकं मोकळी झाली. पाणी उताराला लागलं आणि खळाळत परसात गेलं. चहाला उकळी येईतो फरशी चकचकीत!

महेंद्रकाका पुढं झाले. वाकून भोकं बघितली, फरशीच्या उतारावर हात फिरवला. मग वर बोट केलं.

"वहिनी, तुळईला ही कडी कसली?"

"भाताची पोती वर घ्याया. येका पुरात आमची शेळी पन माळ्यावर रायली."

काका मोठ्यानं हसले. "आमच्याकडं वरच्याचा नळ फुटला की पाणी महिनाभर छतात मुक्काम ठोकतं. त्याला जायला वाट ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही!"

भिंतीवर आज्याचा फोटो होता. काकांनी चप्पल काढून त्याला हात जोडले.

"तुमचे उपकार झाले, बाबा. एवढा विचार करणाऱ्या माणसाच्या घरात माझी पोरगी बुडायची नाही."

कल्पेशला भरून आलं. ज्या म्हाताऱ्याच्या घराची आयुष्यभर लाज वाटली, त्यानंच आज लग्न जुळवलं होतं. तोही फोटोपुढं वाकला. "थँक यू, आज्या," एवढंच कसंबसं म्हणाला.

"आज्याचं ठीक आहे, बाबा," मागून रिद्धी म्हणाली. "पण भोकं बुजवणाऱ्याचं काय?"

कल्पेशनं सिमेंटची थापी तिच्या हातात दिली.

"यापुढं ही तुझ्याकडं."