चालता हो

टेलरने सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि रोजच्यासारखा ओरडला, "चालता हो!"

कुणीच आलं नाही.

तो पुन्हा ओरडला. समोरच्या औषधांच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागे सरकलं, पण ज्याने यायला हवं होतं तो काही आला नाही. टेलरने कापड बेतायच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. चिंध्यांचं अंथरूण जागेवर होतं, त्यावर तपकिरी केसही होते. कुत्रा तेवढा नव्हता.

इथे थोडा खुलासा करायला हवा. तीन वर्षांपूर्वी हा कुत्रा दुकानाच्या पायरीवर पहिल्यांदा येऊन बसला, तेव्हा टेलर त्याच्यावर खेकसला, "चालता हो!" आणि ओरडून भूक लागली म्हणून त्याने डबा उघडला. डब्यातलं अर्धं उकडलेलं अंडं कुत्र्याकडे भिरकावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी कुत्रा दुसऱ्या पायरीवर होता आणि महिनाभरात टेबलाखाली. हा माणूस दोन शब्द म्हणतो आणि मग अंडं देतो, हे त्याच्या पक्कं लक्षात आलं होतं. तेव्हा ते दोन शब्द म्हणजे आपलं नाव, असं त्याने ठरवून टाकलं. यात कुत्र्याचं काय चुकलं ते दाखवून द्यावं कुणीही.

"अहो, आनंदाची बातमी!" औषधवाली रस्ता ओलांडून आली. ती मनाने फार चांगली होती, आणि अशा माणसांचाच शेजाऱ्यांना जास्त त्रास होतो. "गेली बघा तुमची कटकट. मीच प्राण्यांच्या शेल्टरला फोन केला. काल तुमची सुट्टी होती ना, बाहेर पायरीवर होता, गाडी येऊन घेऊन गेली. रोज त्या बिचाऱ्याला हाकलायचात तुम्ही. ऐकवायचं नाही हो मला."

टेलरच्या हातात कात्री होती. ती त्याने टेबलावर ठेवली, यासाठी त्याचं कौतुक करायला हवं.

"बरं झालं," तो दात आवळून म्हणाला. "पीडा टळली."

पुढचे सात दिवस पीडा टळल्याची फळं सगळ्यांनी भोगली. आजवर टेलरचा दिवसभराचा राग टेबलाखाली जाऊन शेपटी हलवत विरघळत असे. आता त्याला जागाच उरली नाही. त्याने एका कोटाची डावी बाही उजवीकडे लावली आणि गिऱ्हाइकालाच विचारलं, की तुम्ही हात असे उलटे का लावून आलात. बटणांच्या डब्याला लाथ मारली आणि मग तीनशे बटणं गुडघ्यांवर बसून वेचली. घरी पाणी गरम होतं म्हणून ओरडला, गार केलं म्हणून ओरडला. आणि रोज डब्यात अर्धं अंडं तसंच घरी परत येऊ लागलं.

आठव्या दिवशी बायकोने डबा उघडला, अंडं पाहिलं आणि झाकण आपटलं.

"उठा. शेल्टरला जायचंय."

"मी नाही येणार. एका भटक्या कुत्र्यासाठी—"

"अहो, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी कुठे जायचात तुम्ही? कुलूप बघून येतो म्हणायचात. खिशात अंडं घेऊन कुलूप बघायला जातं का कुणी? तीन वर्षं गप्प बसले. आता तुमचा राग मी एकटी नाही सोसायची. तो कुत्रा परत आणा, नाहीतर मी जाते शेल्टरमध्ये राहायला."

शेल्टर म्हणजे पिवळ्या भिंतींची बैठी इमारत होती. आत फिनाईलचा वास होता आणि एका वेळी चाळीस कुत्री भुंकत होती. भिंतीवर पाटी होती: 'कृपया आवाज चढवू नये. प्राणी घाबरतात.' पाटीखाली टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्यांचा आवाज इतका गोड आणि संथ होता, की टेलरचं डोकं पहिल्या वाक्यालाच तापलं.

"कुत्रा दत्तक घ्यायचाय? छान. हा अर्ज भरा."

"दत्तक कशाला? माझाच आहे तो!"

"आवाज चढवू नका. प्राणी घाबरतात," बाई म्हणाल्या. मागे चाळीस कुत्री भुंकतच होती. "तुमचा आहे? मग नाव काय त्याचं?"

टेलरने तोंड उघडलं. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. टेबलावर उघड्या पडलेल्या फाईलवरची ओळ तिने उलटी वाचली होती: 'सुटकेचं कारण: एक शिंपी रोज चालता हो असे ओरडून हाकलतो. मानसिक छळ.'

"नाव... नव्हतं," टेलर म्हणाला.

"तीन वर्षांत नाव नाही ठेवलंत? मग हाक कशी मारायचात?"

"तो आपणहून यायचा."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अर्ज चार पानी होता. 'प्राण्याशी बोलतानाचा स्वर' यापुढे मृदू, मध्यम आणि कठोर असे तीन चौकोन होते. बायकोने पेन हिसकावून टेलरकडे न बघता मृदूवर खूण केली. व्यवसाय या रकान्यात तिने 'कापड' एवढंच लिहिलं.

"घरात कुणी चिडकं आहे का?" बाईंनी विचारलं.

"छे," बायको म्हणाली. पण खोटं तिला कधी फार वेळ पेलत नसे. "म्हणजे झोपेत नाही चिडत. फारसे."

"ओळखीचा काही पुरावा? फोटो? पट्टा?"

टेलरचे डोळे चमकले. "गळा सोळा, छाती सव्वीस, पाठ बावीस. बाई, मापं आहेत माझ्याकडे! मागच्या थंडीत जाकीट शिवलंय मी त्याला. जा, मोजून या."

बाई खरोखरच टेप घेऊन आत गेल्या. टेलरने बायकोकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की जणू खटला जिंकला. पाच मिनिटांनी त्या परत आल्या.

"गळा साडेसतरा. छाती अठ्ठावीस."

"शक्य नाही!"

"हा तुमचा कुत्रा नसेल. किंवा असेल," बाईंचा आवाज आणखी गोड झाला, "तर आमच्याकडे आठ दिवसांत दीड-दोन इंच भरला. म्हणजे तुमच्याकडे उपाशी होता."

"उपाशी? अर्धं अंडं खायचा माझं! तुमची टेप खोटी आहे, कापडाची टेप वापरून वापरून ताणली जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही बघा खरी टेप!" असं म्हणून टेलरने खिशातून आपली टेप सर्रकन बाहेर ओढली, आणि तिच्यामागोमाग खडू, दोन बटणं आणि शिवताना बोटात घालायचं टोपण टेबलावर सांडलं.

बाईंनी खडूकडे पाहिलं, मग टोपणाकडे, मग फाईलकडे.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते शिंपी."

बायकोने कपाळाला हात लावला.

"तुम्हाला कुत्रा मिळणार नाही," बाई उठून उभ्या राहिल्या. "शिवाय लाडोबासाठी दुसरं कुटुंब आलंय. मागच्या अंगणात थांबलंय."

"कोण लाडोबा?"

"आम्ही ठेवलंय त्याचं नाव."

टेलरने आयुष्यात अनेक अपमान गिळले होते. उलट्या कॉलरचे, परत आलेल्या विजारींचे. पण हा घशाखाली उतरेना. "लाडोबा! अहो, रस्त्यावर तीन कुत्र्यांना लोळवलंय त्याने! त्याला लाडोबा म्हणता? त्याला भेटू तरी द्या. एकदा. तो ओळखेल मला."

एकदा भेटायची परवानगी बायकोने रडून मिळवली. रडू खोटं म्हणून सुरू झालं, पण मधेच कुठेतरी खरं झालं. बाईंनी अट घातली: दोन्ही कुटुंबं अंगणात समोरासमोर उभी राहतील, कुत्रा मधे सोडला जाईल, आणि आवाज चढवला की तिथेच संपलं.

दुसरं कुटुंब म्हणजे एका वाचनालयाची ग्रंथपाल आणि तिचा नवरा. आयुष्यभर 'शांतता पाळा' या पाटीखाली बसून तिचा आवाज इतका झिजला होता, की नवराही आता तिच्याशी कुजबुजतच बोलत असे. माणसं मात्र भली दिसत होती, टेलरला त्यांच्यात राग धरण्यासारखं काही सापडेना, आणि त्यामुळे त्याला अधिकच राग आला.

दार उघडलं. कुत्रा बाहेर आला. अंगाने भरला होता, आंघोळ झाली होती आणि गळ्यात निळा रुमाल होता. टेलर खाली वाकला आणि बायकोने रस्ताभर घोटून घेतलेल्या आवाजात म्हणाला, "ये रे, ये. ये माझ्या राजा. सोन्या, ये ना."

कुत्र्याने कान टवकारले. वास ओळखीचा होता, माणूस ओळखीचा होता, पण आवाज? हा आवाज त्याने या तोंडातून कधी ऐकला नव्हता. नक्कीच काहीतरी डाव असणार. इंजेक्शन असणार. तो दोन पावलं मागे सरकला आणि बाकामागे गेला.

"घाबरतोय तुम्हाला," बाईंनी हळूच नोंद केली.

"लाडोबा," ग्रंथपाल कुजबुजली. तिने हातातलं बिस्कीट पुढे केलं. कुत्रा बाकामागून निघाला, नाक खाली घालून, एकेक पाऊल टाकत तिच्याकडे चालू लागला.

"गोड बोला ना अजून," बायको टेलरच्या कानात म्हणाली.

"सोन्या," टेलर म्हणाला. "बाळा. अरे..."

कुत्र्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तो बिस्किटापाशी पोचला. ग्रंथपालने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा आठ दिवस तुंबलेलं सगळं एकदम फुटलं.

"जा!" टेलर ओरडला. "जा त्यांच्याकडे! बिस्किटासाठी विकला गेलास? तीन वर्षं माझं अर्धं अंडं गिळलंस, मी अर्ध्या पोटी राहिलो, जाकीट शिवलं तुला अस्तर लावून! मला नकोस तू! तोंड दाखवू नकोस परत! चालता हो!"

हे दोन शब्द त्याने तीन वर्षांत हजारदा उच्चारले असतील. पण मनापासून म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बघून तो आणखीनच चिडला होता.

कुत्र्याने बिस्कीट तोंडातून टाकून दिलं. गर्रकन वळला. अख्खं अंगण चार उड्यांत पार करून तो टेलरवर असा आदळला, की टेलर फुलांच्या कुंडीवर बसला. मग कुत्रा त्याच्या पायावर बसला, आपल्या हक्काच्या जागी, आणि तोंड वर करून अंड्याची वाट पाहू लागला.

"ऊठ पायावरून, मेल्या!" टेलर त्याचे कान कुरवाळत ओरडत होता. "चालता हो म्हटलं ना!" प्रत्येक वेळी कुत्रा थोडा आणखी जवळ सरकत होता.

मग ग्रंथपालच्या नवऱ्याने बिस्कीट उचललं. "आम्हाला इतकं ओरडता यायचं नाही," तो कुजबुजला. "तुमचाच आहे तो."

"आवाज..." बाईंनी सुरुवात केली, पण कुत्र्याकडे पाहून त्यांनी पेन उचललं. शेवटी त्यांनी एक महिन्याच्या बोलीवर कुत्रा दिला. मधे कधीही तपासणीला येईन, म्हणाल्या, आणि कागदावर नाव लाडोबाच राहील.

तिसऱ्या आठवड्यात त्या न सांगता दुकानात आल्या. बायको काजं करत बसली होती. बाईंनी पाण्याचं भांडं तपासलं, टेबलाखाली टॉर्च मारला आणि वहीत लिहिलं, 'अंथरूण: चिंध्या.' टेलरने तीन आठवडे राखलेला संयम इथे संपला.

"त्या चिंध्या नाहीत, सुटिंगचं कापड आहे! तुमच्या या वहीच्या... बाई, तुम्ही आता चालत्या व्हा!"

दारात आडवा झोपलेल्या कुत्र्याचा कानही हलला नाही. हे स्त्रीलिंगी होतं, वर आदरार्थी होतं. आपल्यासाठी नव्हतं.

"निघतेच आहे," बाई फणकारल्या आणि दाराशी येऊन थांबल्या. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला बटणांचं कपाट, आणि मधल्या हातभर वाटेत सगळा लाडोबा पसरलेला. "लाडोबा, बाजूला हो, राजा." काही नाही. "ऊठ बाळा." काही नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. टेलरने सुईत दोरा ओवायला घेतला पण त्याला आज तो ओवायचाच नव्हता. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, खाली वाकल्या आणि अगदी हळूच म्हणाल्या, "चालता हो."

कुत्र्याने एक डोळा उघडला.

"कमी पडतोय आवाज," बायको काजावरून मान वर न करता म्हणाली.

बाईंचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांची चाळीस कुत्री, चार पानी अर्ज, ती पाटी आणि तो गोड आवाज, सगळं त्यांच्या घशाशी आलं. "चालता हो!" त्या किंचाळल्या. "चालता हो मेल्या, चालता हो!"

कुत्रा आनंदाने उठला, आला आणि त्यांच्या दोन्ही पायांवर ऐसपैस बसला.

"आवाज चढवू नका, बाई," टेलर चष्म्यावरून बघत म्हणाला. "प्राणी घाबरतात."

समोरच्या दुकानात औषधवालीने हळहळून मान हलवली आणि फोन उचलला. क्षणभराने बाईंच्या पर्समधला फोन वाजू लागला.