देशी झाडं समिती आणि काकूंचा बहावा

कोणत्याही बागेचं भवितव्य मातीपेक्षा समितीवर जास्त अवलंबून असतं. आमची सोसायटी या बाबतीत भाग्यवान. माती मुरमाड आहे, पण समिती सुपीक आहे.

'देशी झाडं जगवा, परकी हटवा' ही मोहीम आम्ही हाती घेतली, ती अध्यक्षांनी एक व्याख्यान ऐकल्यामुळे. (अर्धंच. मध्यंतरानंतर त्यांना दवाखाना उघडायचा होता.) अध्यक्ष दंतवैद्य आहेत, त्यामुळे उपटण्याचा अनुभव दांडगा. देशी झाड ओळखायचं कसं, हा भाग नेमका उत्तरार्धात होता. पण तेवढ्यावरून अडून बसेल ती समिती कसली! आम्ही आमचीच व्याख्या ठरवली: जे कुणी न लावता आपलं आपण उगवतं ते देशी, जे लावावं लागतं ते परकं. इतकी सुटसुटीत व्याख्या शास्त्रज्ञांना अजून सुचलेली नाही.

फायदा लगेच दिसला. गुलाब, जास्वंद, लिंबू, सगळं आठवड्याभरात उपटून झालं. कुंपणाच्या कडेचं गाजरगवत मात्र कुणीच लावलेलं नव्हतं. त्याला आळं केलं, पाणी दिलं, पाटी लावली. त्यानेही उपकारांची जाण ठेवून थेट पार्किंगपर्यंत मजल मारली. पाहणीत सत्तर टक्के रहिवासी समाधानी आढळले. (उरलेल्यांना शिंकांमुळे मत सांगता आलं नाही.)

राहता राहिला तळमजल्यावरच्या काकूंचा बहावा. त्यांची मुलगी लग्न होऊन दूर गेली, त्या वर्षी लावलेला. दर उन्हाळ्यात तो पिवळाधमक फुलला की काकू मुलीला फोटो पाठवतात आणि दोघी फोनवर तासभर बोलतात. एरवी मुलीला वेळ नसतो. समितीला हे ठाऊक होतं. पण भावनेच्या भरात बागकाम करता येत नाही.

सभेत काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, बहावा इथलाच आहे हो! मागच्या टेकडीवर जाऊन बघा, रानभर फुललाय."

"तो आपला आपण उगवलाय. तुमचा कुणी लावला?"

"मीच. ह्या हातांनी."

"संपलं तर मग," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. दाढ काढताना ते याच आवाजात बोलतात.

आमचा कारभार लोकशाही पद्धतीने चालतो. "कुणाची हरकत असेल त्यांनी हात वर करा," असं रीतसर विचारलं. काकूंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी छताचा पंखा. एक हात वर निघाला होता, पण तो शिंक अडवायला, असा खुलासा लगेच झाला. ठराव एकमताने मंजूर (काकूंचं मत धरलं नाही, झाड त्यांचंच होतं). दुसऱ्या दिवशी सकाळी बहावा पडला. त्या जागी समितीने काहीही लावलं नाही (लावलं की परकं होतं).

सोसायटीतली माणुसकी मात्र शाबूत आहे, हे अभिमानाने नमूद केलं पाहिजे. त्याच संध्याकाळपासून एकेक जण काकूंच्या दारात जाऊन सांगतो, "काकू, फार वाईट झालं हो. मला तर मुळीच पटलं नव्हतं." काकू ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्यासाठी दार उघडंच ठेवतात.

तुम्हालाही हे वाचताना अगदी तसंच वाटलं असेल. जरूर या. रांग जिन्यातून लागली आहे. शेवटी उभे राहा, आणि आवाज जरा हळू ठेवा, वर अध्यक्ष राहतात.