ज्वारीत पुरलेली हार्डडिस्क

कॉम्प्युटर बिघडला तर मेकॅनिक कशाला? मला बोलवायचं! आमच्या ऑफिसात हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पटलेलं आहे. पटत नाही ते फक्त बायकोला. त्यामुळे खंडेनवमीच्या सकाळी घरचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा, खरं सांगतो, मला आनंदच झाला!

बंद पडला तो माझ्याच भक्तीमुळे. मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन सगळ्यांची पूजा उरकली. मग कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि त्याच्यापुढं असा काही दणक्यात नारळ फोडला, की निम्मं पाणी जाळीतून थेट त्याच्या पोटात!

"अहो!" दिपाली किंचाळली. "आजीच्या ओव्या आहेत त्यात!"

केराबाई ही दिपालीची आजी. मेंढरांमागं फिरताना तिनं रचलेल्या ओव्या दिपालीनं रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षीच्या आजारपणात म्हातारीचा आवाज बसला तो बसलाच, आता गाता येत नाही. उद्या दसऱ्याला आजीच्या गावी, कुंभारीत, सगळे पाहुणे जमणार होते, आणि त्यांना त्या ओव्या ऐकवायचं ठरलं होतं. दुसरीकडं कुठंही त्या नव्हत्या.

बटण दाबलं. ढिम्म!

"एकही फाइल जाणार नाही," मी बाह्या सरसावल्या. "ओव्या असतात हार्डडिस्कमध्ये. काढली, वाळवली, लावली, झालं!"

भिजलेला मोबाइल लोक तांदळात ठेवतात. पण आमच्या घरात तांदूळ असतो मूठभर आणि ज्वारी डबाभर! मी हार्डडिस्क त्या डब्यात तळाशी पुरली, जेवलो आणि ताणून दिली.

उठून पाहतो तर डबा गायब!

"आई, ज्वारीचा डबा?"

"गिरणीत धाडला की," आई म्हणाली. "कुंभारीला कडक भाकरी न्यायची हाय. पीठ नगं व्हय?"

म्हातारीचा आवाज मी दळून, भाकरीत घालून पाहुण्यांना वाढणार होतो!

अनवाणी पळालो. मागून दिपाली.

"बंद करा! गिरणी बंद करा!" मी दारातूनच ओरडलो.

गिरणीवाला गुरप्पा पिठानं पांढराफटक झाला होता. "तुमचंच दळायलोय की साहेब! दम धरा की जरा!"

"त्यात आमची हार्डडिस्क आहे हो!"

"ते लोखंड तुमचं व्हय? माजा दगड फुटला असता की!" त्यानं भिंतीकडं बोट केलं. धान्यात सापडलेले खिळे-स्क्रू तो तिथल्या भल्यामोठ्या चुंबकाला चिकटवून ठेवतो. त्या खिळ्यांच्या घोळक्यात आमची हार्डडिस्क लटकत होती.

चुंबकाला! चुंबकानं सगळं पुसलं जातं, यावर मी ऑफिसात तासभर व्याख्यान दिलं होतं. ते इथं मात्र गिळून टाकलं.

घरी आलो. आईनं तोवर कॉम्प्युटरचा डबा अंगणात उन्हात ठेवला होता. सोलापूरच्या उन्हानं तो खडखडीत वाळला होता. डिस्क बसवली, बटण दाबलं. घरघर झाली, पडदा उजळला. ओव्या सगळ्याच्या सगळ्या होत्या! दिपालीला रडूच फुटलं, आणि मला माझ्या हुशारीचं पुन्हा कौतुक वाटायला लागलं.

दसऱ्याला कुंभारीत पाहुण्यांनी अंगण भरलं. केराबाई पुढंच बसली होती. ओव्यांची फाइल कशी वाचवली ते मी सविस्तर सांगितलं, चुंबकाचा भाग तेवढा वगळला. मग दिपालीनं मोबाइलवर उतरवून आणलेली ओवी लावली, आणि म्हातारीचा खणखणीत आवाज घुमला:

"नातजावई शाना माजा, त्याला ठावी सारी कळ,
हात लावी तितं बाई, उभा ऱ्हातो गोंधळ!"

अंगण हसून लोळायला लागलं. केराबाईनं बसक्या आवाजात फर्मावलं, "परत लाव गं!"

एवढं मोठं चुंबक, पण एक फाइल पुसता आली नाही मेल्याला!