बिराजदार काकांची तक्रारपेटी

बिराजदार काका अधूनमधून स्वतःविरुद्ध तक्रार करत. कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून : "बिराजदार जेवताना फार बोलतात. इतरांची भाजी गार होते. समज द्यावी." मग घडी घालून तो कागद दाराजवळच्या तक्रारपेटीत टाकत आणि पेटीला एक टिचकी मारून जागेवर येत.

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये ते तुरीचे नमुने तपासायला होते. मी तिथं पत्रव्यवहार बघायला लागलो. मी लोह्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. खुर्चीवरची नोकरी मिळाली याचंच अप्रूप एवढं, की पहिले सहा महिने मी खुर्चीला पाठ टेकली नाही.

काका मूठभर तूर तळहातावर पसरत, एक दाणा दाताखाली फोडत आणि डोळे मिटून सांगत, "ओली हाय." ओलावा मोजायचं यंत्रही थोड्या वेळानं तेच सांगे. कुणी काही कुरकुरलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "लेखी हाय का?" पंखा वाजतो म्हणालो तरी तेच. चहावाला एकदा पोट दुखतंय म्हणाला, तर त्यालाही त्यांनी तेच विचारलं.

पेटीबद्दल मालकांचा नियम होता. दर एक तारखेला मॅनेजर साहेबांनी फटीतून डोकावायचं. कागद दिसला तरच सगळ्यांना बोलावून पेटी उघडायची आणि मोठ्यानं वाचायचं. कागद दरवेळी दिसे, आणि तो दरवेळी बिराजदारांचाच असे. घड्याळ तीन मिनिटं पुढं आहे. चहात आलं नाही. मांजर पोत्यावर झोपतं, त्यास समज द्यावी. साहेब वैतागून विचारत, तुम्हाला दुसरं काम नाही का. काका म्हणत, "हाय की. हे बी हाय."

डाळ निवडायला बायका होत्या, त्यांत महानंदा. तिच्या हातांवर आणि मानेवर कोडाचे डाग होते. सुपरवायझर तिला "ए चितकबरे" अशी हाक मारी, बाकीच्या बायकांपासून लांब दाराशी बसवी आणि आतल्या माठाला हात लावू देत नसे. ती घरून बाटली आणायची. उन्हाळ्यात बाटली दुपारीच संपे, मग संध्याकाळपर्यंत ती तशीच तहानलेली बसे. मी रोज बघत होतो. एकदा काकांना हळूच म्हणालो, हे बरोबर नाही. त्यांनी विचारलं, "लेखी हाय का?" मी पुन्हा पत्रांत डोकं घातलं. नोकरी नवी होती.

मग एका एक तारखेला पेटीतून दोन कागद निघाले. पहिला काकांचा, चहातल्या आल्याबद्दलचा. दुसरं वहीचं पान होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. साहेबांनी त्याच कंटाळलेल्या आवाजात वाचायला घेतलं, "मला महानंदा म्हणावं. माठाचं पाणी द्यावं. न्हाईतर सोमवारपासून मी येत न्हाई." शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला.

सुपरवायझर हसला. म्हणाला, "हे बी बिराजदाराचंच. आता बायांच्या नावानं लिहायलेत."

सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. दरवेळी "हाव, माझीच" म्हणणारे काका त्या दिवशी गप्प होते. ते माझ्याकडं बघत होते. महानंदा दाराशी उभी होती, पदर हातांवर ओढून.

मी उठलो. "चिठ्ठी खरी आहे साहेब," मी म्हणालो. "मी रोज बघतो. बोललो नाही, ही माझी चूक."

मागून निवडणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आमी बी बघायलो की."

साहेबांनी चष्मा काढला. आजपासून नावानं हाक मारायची, जागा सगळ्यांत आणि माठावरचा तांब्या सगळ्यांना एकच, असं त्यांनी सुपरवायझरला सर्वांसमोर सांगितलं. महानंदा आत गेली, दोन तांबे पाणी प्याली आणि बायकांच्या मधोमध जाऊन बसली.

दुपारी डबा सोडताना मी काकांना विचारलं, मांजराची तक्रार करणारा माणूस आज गप्प कसा.

"मी बोललो असतो तर ती चिठ्ठी माझीच झाली असती," ते म्हणाले. "कागद दिसला न्हाई तर पेटी उघडत न्हाईत. म्हणून माझा एक टाकून ठेवतो. तेवढंच माझं काम."

मग त्यांनी पाकिटातून घड्यांवर फाटलेली एक चिठ्ठी काढली. त्यांच्या नांदेडच्या जुन्या मिलमधली. तिथंही पेटी होती, पण कैक वर्षं उघडलीच नव्हती. रंग द्यायला खाली काढली तेव्हा ही निघाली. वजनकाट्यावरच्या गौसभाईंची : "दुपारी जेवायला मला बी बोलवत जा." तोवर गौसभाई काम सोडून गेले होते. कुठं गेले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पेटीची किल्ली कुणाकडं असायची?" मी विचारलं.

काकांनी चिठ्ठी घडीवर घडी घालून परत ठेवली. "माझ्याकडं."

पाकीट त्यांनी खिशात सरकवलं. मग कोपऱ्यात पाठ करून एकटाच डबा उघडून बसलेल्या सुपरवायझरकडं त्यांची नजर गेली.

"या हो इकडं," काकांनी हाक मारली. "भाजी गार व्हायली."