बाटलीवरचं नाव

मॅडमनी बाटलीवर काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनाव ठळक अक्षरांत. घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली.

प्रयोगशाळेतल्या या मॅडम गल्लीतल्या अकराही घरांत एकेक रिकामी बाटली देऊन गेल्या. "उद्या सकाळी नळ उघडल्याबरोबर येईल ते पहिलं पाणी भरा. आठ वाजता न्यायला येते," असं त्यांनी घरोघरी सांगितलं. गल्लीच्या टोकाला कचरा डेपोची भिंत होती. भिंतीपलीकडच्या ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीखालून विहिरीत उतरत होतं, आणि गल्लीतले सगळे नळ त्याच विहिरीवर चालत होते. नमुने खराब निघाले, तर भरपाई म्हणून डेपोच्या खर्चाने नवी जलवाहिनी मिळणार होती. त्यासाठी काकूंचे धाकटे दीर, धंद्याने प्लंबर, तीन वर्षं अर्ज घेऊन हिंडत होते.

"वहिनी, जसं येईल तसं भरा हं," त्यांनी बजावलं.

"मला काय नळ उघडता येत नाही?"

सकाळी काकूंनी बाटली भरली. पाणी पिवळं, तळाशी गाळ, वास सडक्या अंड्यांचा. आणि त्यावर काकूंचं नाव.

"अहो, बघा हे. आपल्या नावानं असलं पाणी चार लोकांत जायचं?"

काका दाढी करत होते. "ते पाणी तपासणार आहेत. नाव नाही."

"नाव वाचल्याशिवाय का तपासतील?"

काकूंनी पाणी फडक्यातून गाळलं. गाळ गेला, पिवळेपणा राहिला. मग उकळलं. पिवळेपणा गेला नाहीच, वर वास माजघरापर्यंत पोचला. साडेसात वाजले तसं त्यांनी ते मोरीत ओतलं, बाटली खळखळून विसळली, पिण्यासाठी विकत आणलेल्या कॅनमधलं पाणी भरलं आणि बाटली खिडकीत ठेवली. चांगली झळकत होती.

ती शेजारच्या शिंपीणबाईंनी पाहिली.

"काकू, तुमच्याकडे एवढं स्वच्छ येतं?"

आता काय सांगणार? "येतं बाई कधीकधी," काकू म्हणाल्या.

शिंपीणबाई घरी गेल्या आणि स्वतःच्या बाटलीकडे बघत राहिल्या. पाच मिनिटांनी त्यांच्याही खिडकीत बाटली झळकू लागली. ती समोरच्या घरातून दिसत होती. आठ वाजता मॅडम आल्या, तेव्हा गल्लीत अकरा खिडक्यांत अकरा बाटल्या लखलखत होत्या.

पंधरा दिवसांनी दीर अहवाल घेऊन आले. त्यांचा चेहरा पाहून काकू स्वयंपाकघरात निघाल्या.

"थांबा, वहिनी. 'पाणी उत्तम, गाळ शून्य.' परवा तुमच्या नळाची जाळी मीच साफ केली. मूठभर चिखल निघाला. शून्य कुठून आला?"

काकूंनी कॅनकडे पाहिलं. दिरांनीही पाहिलं.

"मी तीन वर्षं चपला झिजवल्या हो!"

"मला वाटलं, बाकी दहा घरं आहेत की. आपल्या एका बाटलीनं काय होतंय?"

संध्याकाळपर्यंत उरलेल्या दहा घरांनीही हेच उत्तर दिलं.

सुनावणीच्या दिवशी डेपोचे व्यवस्थापक अहवाल छातीशी धरून बसले होते. "साहेब, असं पाणी माझ्या घरीसुद्धा येत नाही," ते चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले. जलवाहिनीचा विषय मिटल्यात जमा होता. दिरांनी मान खाली घातली. ते पाहून काकू उठल्या.

"ते पाणी नळाचं नव्हतं. कॅनचं होतं. मी भरलं. लाज वाटली म्हणून."

मागून शिंपीणबाई उठल्या. "मी पण." मग एकेक करत सगळी गल्लीच उभी राहिली.

"बघा! फसवणूक!" व्यवस्थापक ओरडले.

मॅडमनी शांतपणे फाइल उघडली. "मला शंका होतीच, साहेब. अकरा नळांचे आकडे दशांशापर्यंत सारखे येत नाहीत. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला कॅन तपासला. तंतोतंत तेच आकडे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "नुकसान फुगवून सांगणारे रोज येतात. लपवणारे आजच पाहिले. यांनी फसवलं ते स्वतःलाच." मग ते व्यवस्थापकांकडे वळले. "पण एक सांगा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नळाचं पाणी उत्तम आहे, तर अकराच्या अकरा घरांत विकतचा कॅन कशाला?"

व्यवस्थापकांनी अहवाल छातीवरून मांडीवर ठेवला.

नवे नमुने घेण्याचा हुकूम झाला. या वेळी बाटल्या मॅडमनी स्वतःच भरल्या. "आमचं जास्त पिवळं आहे," शिंपीणबाई अभिमानाने म्हणाल्या. काकूंनी फक्त एक विनंती केली.

"मॅडम, नावाऐवजी नुसता घर नंबर चालेल का?"

चालला. जलवाहिनी मंजूर झाली, आणि आठ महिन्यांनी दिरांनी स्वतःच्या हाताने काकूंच्या ओट्यावर नवा नळ बसवला. तपासणीला मॅडम आल्या, तेव्हा रिकाम्या कॅनमध्ये काकूंनी लावलेल्या मिरचीच्या रोपाला फुलं आली होती.

मॅडमनी नळ सोडला. बाटली भरली. आरपार पलीकडची भिंत दिसत होती.

"घर नंबर एक," त्या लिहू लागल्या.

"अहो, नंबर काय लिहिताय?" काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "नाव लिहा. पूर्ण. आणि आडनाव जरा मोठं काढा."