टिटवीचा परीस

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत अमरावतीत रोज नवी बातमी उठे. मी तिथल्या शाळेत धाकटा मास्तर होतो. एकदा हौसेने आमच्या थोरल्या गणपतजी पंतोजींना म्हणालो, "अकोल्यात एकाने गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या म्हणे!" पंतोजींनी पागोटं मागे सारलं. "पाह्यलं का आयकलं?"

"ऐकलं."

"मंग काहून सांगून राह्यले?"

संपलं बोलणं. बाजारात, पारावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न. लोक वैतागत, पण कोणी उलटून बोलत नसे. पंतोजींचा एकुलता एक मुलगा माधव कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईकडे गेला, तो परतला नव्हता. वाटेत पटकीने गेला, असं कितीतरी गाडीवानांनी येऊन सांगितलं. पंतोजींनी प्रत्येकाला तोच प्रश्न केला आणि प्रत्येकाने ते ऐकलेलंच निघालं. म्हणून त्यांनी श्राद्ध घातलं नाही. माधवचं अंथरूण मात्र रोज उन्हात टाकत.

त्या चैत्रात त्यांनी पोरांना टिटवीवर निबंध लिहायला सांगितला. सगळ्यांनी एकच लिहून आणलं: टिटवीजवळ परीस असतो, त्याने ती अंडी फोडते. सोन्याचेच दिवस ते, पोरांना दुसरं काय सुचणार? पंतोजी त्यांना घेऊन थेट पडीक वावरात गेले. उघड्या ढेकळांत टिटवीची अंडी होती. आम्ही रोज सकाळी बाभळीआड पालथे पडू लागलो. मीसुद्धा, चांगल्या धोतरासकट. टिटवी डोक्यावर ओरडत फिरे आणि पंतोजी तिला हात जोडत, "माय, आमी फक्त पाहून राह्यलो." गावात बोभाटा झाला की पंतोजींना परीस सापडला. मग कापसाचे दोन दलालही आमच्या शेजारी येऊन पालथे पडले.

शेवटी एका सकाळी अंड्याला तडा गेला. परीस नाही, साधा दगडही नाही. पिल्लूच आतून चोचीने टवके काढत होतं. दलाल धोतरं झटकत निघून गेले. पंतोजी मात्र लहान मुलासारखे हरखले. "लिवा रे! पाह्यलं!"

तेवढ्यात वाटेवर एक गाडी थांबली. बार्शीटाकळीचा एक गाडीवान उतरला, वाळून काडी झालेला. त्याने पंतोजींचे पाय धरले. "पंतोजी, तुमचा माधव गेला."

पंतोजींनी सवयीने विचारलं, "पाह्यलं का आयकलं?"

"पाह्यलं, पंतोजी. शेवटचं पानी म्याच पाजलं त्याले. मी बी तथीच आजारी पडून होतो, म्हून याले उशीर झाला."

पंतोजी पुन्हा अंड्याकडे वळले. पिल्लू पुरतं बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिले. आमच्यापैकी कोणाला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे त्यांनी श्राद्ध घातलं आणि माधवचं अंथरूण त्या गाडीवानाला दिलं. प्रश्न मात्र सुटला नाही. कोणी कोणाची वाईट बातमी आणली की ते अजून विचारतात, "पाह्यलं का आयकलं?" ऐकलं म्हटलं की पूर्वी चिडायचे. आता सांगणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात.

"आयकलंच ना? मंग बरं हाय."