सुध्याची पाठवणी

सबनीस काकांच्या खिडकीत एक माणूस उभा असायचा. सव्वासहा फूट उंच, काखेत चेंडू, उजव्या हाताचा तळवा आपल्याकडे केलेला. अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी समोरच्या घरातल्या त्या माणसाला हात केला. त्यानं काही केलं नाही. इथले शेजारी निदान हात तरी करतात असं ऐकून होतो, त्यामुळे मला जरा लागलंच. दुसऱ्या दिवशी तो वरच्या मजल्यावर दिसला. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उभा. चौथ्या दिवशी मी फिरायला जायचा रस्ता बदलला.

तो पुठ्ठ्याचा आहे हे कळायला आठवडा लागला. इथला फुटबॉल म्हणजे हातानं फेकायचा खेळ, आणि त्यात सगळ्यांत मोठा मान त्या फेकणाऱ्याचा, क्वार्टरबॅकचा. आमच्या टीमच्या क्वार्टरबॅकची ती माणसाएवढी छबी होती. टीम जिंकली की तो पुढच्या खिडकीत, हरली की भिंतीकडे तोंड, आणि सीझन संपला की त्याच्या खांद्यावर शाल.

"झोपलाय," काका सांगायचे. "ऑगस्टपर्यंत उठवायचा नाही. नोंद घे."

काकांनी आयुष्यभर पूल तपासण्याची नोकरी केली. कुठल्या खांबाला कुठे तडा गेलाय हे लिहून ठेवायचं, एवढंच काम. त्यामुळे 'नोंद घे' हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ जास्त झालं तरी नोंद घे.

त्या पुठ्ठ्याच्या माणसाचं खरं नाव मला आजही चटकन आठवत नाही. आमच्यासाठी तो सुध्या. शैला काकूंनी ठेवलेलं नाव. त्यांच्या मिरजेच्या धाकट्या भावाची, सुधाकरची, हनुवटी म्हणे थेट अशीच. टीममधल्या सगळ्यांचं बारसं काकूंनीच केलं होतं. अंगानं आडवा तो भाऊराव, सुसाट पळतो तो चिंट्या. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत, पण ओरडायचं कधी ते बरोबर कळायचं. काकांना नियम तोंडपाठ, आणि ते कधीच ओरडायचे नाहीत. ते काकूंकडे बघत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. सकाळी हॉस्पिटलात गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर भाऊराव निवृत्त झाला, चिंट्या दुसऱ्या टीमकडे गेला. सुध्या तेवढा राहिला, मैदानावरही आणि खिडकीतही.

आणि मार्चमध्ये, पाइनच्या पिवळ्या परागांनी सगळ्या गाड्या माखल्या होत्या त्या आठवड्यात, माझी मुलगी इरा फोन नाचवत आली. "बाबा, सुध्या गॉट ट्रेडेड! काका इज गॉना बी सो सॅड!"

टीमनं सुध्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं. मी धावत समोर गेलो. काका दारातच उभे होते.

"चालतं-बोलतं पोर दिलं," ते म्हणाले, "आणि बदल्यात काय घेतलं? पुढच्या दोन वर्षांत कॉलेजातला एकेक पोरगा निवडायचा हक्क! म्हणजे दोन पत्रिका घेतल्या रे. मुलं अजून बघितलीसुद्धा नाहीत. मधला खांब काढायचा आणि सांगायचं, नवा येतोय पाठोपाठ. असा पूल मी एक दिवस उघडा ठेवला नसता. नोंद घे."

"पण नवीन क्वार्टरबॅक आणलाय ना काका? तो बावीस वर्षांचा मुलगा?"

"असेल."

"चांगला आहे म्हणतात. काय म्हणायचं त्याला?"

"नावं ठेवायचं काम माझं नाही," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

पुढे तीन दिवस काका दिसले नाहीत. त्यांच्या अंगणात पिवळी धूळ साचत गेली आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा उमटला नाही. सुध्या मात्र हलत होता. सकाळी वर, दुपारी खाली. अंगावरची शाल गेली होती.

शनिवारी दुपारी मी गाडी धूत होतो आणि समोरच्या घरातून बाईचा आवाज आला.

"थांब. थांब... अरे, फेक आता!"

माझ्या हातातला पाइप सुटला. तो आवाज मी ओळखत होतो. सगळा रस्ता ओळखत होता. मागून हजारो माणसांचा गलका उसळला आणि विरला. मार्चमध्ये फुटबॉलची मॅच नसते, आणि त्या घरात बाई नव्हती.

मला भुताखेतांची भीती वाटत नाही, असं मी बायकोला लग्नाआधी सांगितलेलं आहे. त्या शब्दाखातर मी रस्ता ओलांडला. दार नुसतंच लोटलेलं होतं. ढकललं, तर आत समोर सुध्या. कपाळावर कुंकू. पायाशी एक लांबलचक खोका. पुढे केलेल्या तळव्यावर काहीतरी पांढरं होतं आणि ते मनगटावरून हळूहळू ओघळत होतं.

"दही आहे," मागून काका म्हणाले. "आज निघतोय तो."

काकूंच्या खुर्चीत काकांचा फोन ठेवलेला होता. काकूंची चेष्टा करायला काकांनी एकदा लपून त्यांचं ओरडणं रेकॉर्ड केलं होतं, अख्खी मॅच. तेच चालू होतं.

"त्याला पाठवताय होय?" मी कसाबसा म्हणालो.

"तिकडच्या टीमच्या ऑफिसात. इथं ठेवून काय करू? तिचा ओळखीचा तेवढा एकच उरला होता रे. मॅच लावली की वाटायचं, ही आत्ता आतून येईल आणि विचारेल, सुध्या काय करतोय. आता ही आली तर टीममध्ये एकाला ओळखणार नाही. परक्याच्या घरी आल्यासारखं वाटेल तिला."

काकांनी चमच्यानं ओघळलेलं दही पुन्हा तळव्यावर सारलं.

"त्या दिवशी हिच्या हातावर ठेवायचं राहिलं. चार तासांचं तर काम, म्हणाली. मीपण म्हटलं, कशाला फ्रिज उघडायचा."

आम्ही दोघांनी मिळून सुध्याला खोक्यात आडवा केला. तिकडच्या ऑफिसात ज्यानं तो खोका उघडला असेल त्याचं काय झालं असेल, देव जाणे. निघताना मी म्हणून गेलो, "जातो, काका." त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

"येतो म्हण."

"येतो, काका."

खिडकी सहा महिने रिकामी होती. आश्चर्य म्हणजे मला आता तिची जास्त भीती वाटायची.

सप्टेंबरात पहिल्या मॅचला काकांनी बोलावलं. टीव्हीचा आवाज त्यांनी बंद ठेवला होता. काकूंच्या खुर्चीत फोन, आणि फोनमधून काकू. समोर नवा मुलगा खेळतोय, आणि काकू जुन्या मॅचवर ओरडतायत. गाड्यांच्या जाहिरातीवर "अरे, धरा त्याला!" नवा मुलगा पाणी पितोय तेव्हा "पळ चिंट्या, पळ!" मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही. काका मांडीवर हात ठेवून खुर्चीकडे बघत होते, पूर्वीसारखेच.

शेवटची काही मिनिटं राहिली. आम्ही चार गुणांनी मागे. नव्या मुलानं चेंडू घेतला, मागे सरकला. चारी बाजूंनी माणसं त्याच्यावर येत होती.

"थांब," काकू म्हणाल्या.

तो थांबला.

"थांब... अरे, फेक आता!"

त्यानं फेकला. चेंडू पडद्यावर वर वर गेला आणि पार पलीकडच्या टोकाला आमच्या एकाच्या हातात बसला. सहा गुण. आवाज बंद केलेल्या टीव्हीतली माणसं उड्या मारत होती, आणि गलका येत होता खुर्चीतून, तीन वर्षांपूर्वीचा.

"अरे वा रे माझ्या राजा!" काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"राजा," ते म्हणाले. "राजा म्हणायचं त्याला. नोंद घे."